लिनक्स लॅपटॉपवरच नेट का रखडते? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

यावल तालुक्यातील एका माध्यमिक शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की ८५ ते ९० चा आकडा येतो. पण त्याच वायफायवर, लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) घातलेल्या एचपीच्या जुन्या लॅपटॉपवर तो ३-४ च्या पुढे सरकत नाही. शिवाय पुष्कळदा पान उघडायला सुरुवात होण्याआधीच पाच-सात सेकंद जातात. विंडोज असताना एवढा त्रास नव्हता. कोणी डीएनएस बदलायला सांगितले, कोणी आयपीव्ही६ (इंटरनेटवरील पत्त्यांची नवी पद्धत) बंद करायला, कोणी टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) टाकायला चार ओळी दिल्या. सर्व करून झाले, उपयोग झाला नाही. घर जुने, धाब्याचे आहे. राउटर ओसरीत आणि लॅपटॉप आतल्या खोलीत असतो. आता पुन्हा विंडोज घालावे का, असे त्यांनी विचारले आहे.

सर, विंडोज घालण्याची घाई करू नये. आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. मोबाइलला ९० मिळतात, याचा अर्थ बाहेरची यंत्रणा, घरापर्यंत आलेली फायबर आणि राउटर ही तिन्ही ठीक आहेत. वेग हरवतो तो राउटर आणि लॅपटॉप यांच्या मधल्या टप्प्यात. डीएनएसचे काम संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणे एवढेच आहे; पत्ता मिळाल्यावर माहिती किती वेगाने वाहील, हे तो ठरवत नाही. म्हणून डीएनएस बदलून ४ चे ९० होण्याची शक्यता मुळातच नव्हती. जळगाव-धुळ्याकडच्या शाळा-महाविद्यालयांतील लिनक्सची यंत्रे सांभाळताना माझे मत पक्के झाले आहे की, अशा तक्रारीत आधी मोजावे, मग हात लावावा. आणि हात लावायचा तो एका वेळी एकाच गोष्टीला, म्हणजे फरक कशाने पडला हे कळते.

त्यामुळे पहिले काम मागे जाण्याचे आहे. आतापर्यंत केलेले सर्व बदल पूर्ववत करावेत. हे मी केवळ नीटनेटकेपणासाठी सांगत नाही. इंटेलच्या वायफाय कार्डांसाठी फिरणाऱ्या एका जुन्या नुस्ख्यात ‘११एन_डिसेबल=१’ अशी ओळ असते. तिने ८०२.११एन ही वायफायची पद्धतच बंद पडते आणि कार्ड त्याहून जुन्या पद्धतीवर येते, जिची कागदावरची कमाल मर्यादाच ५४ एमबीपीएस आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एखाद्या बिघडलेल्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ती तात्पुरती मलमपट्टी होती. आज ती टाकणे म्हणजे स्वतःच्या हाताने वेग कापणे होय. इटीसी फोल्डरमधील ‘मॉडप्रोब.डी’ या उपफोल्डरात आपण किंवा आपल्यासाठी कोणी नवीन फाइल ठेवली असेल, तर ती तेथून हलवून ठेवावी आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. (आज्ञा आणि फाइलींची नावे मी येथे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांतच टंकायची आहेत.)

दुसरी खातरजमा एककाची. स्पीड टेस्ट मेगाबिटमध्ये बोलते, तर फायरफॉक्सची डाउनलोडची खिडकी मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. खिडकीत दिसणारे ४ म्हणजे प्रत्यक्षात ३२ एमबीपीएस असतात. आपला आकडा स्पीड टेस्टचाच असेल तर पुढे जावे. मोबाइलची चाचणीही लॅपटॉप जेथे ठेवता तेथेच बसून घ्यावी. ओसरीत राउटरखाली उभे राहून मिळालेले ९० आणि आतल्या खोलीतले ४ यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता मोजणी. टर्मिनल उघडून ‘आयपी राउट’ ही आज्ञा द्यावी. ‘डीफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढे जो पत्ता येतो तो आपल्या राउटरचा. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग ‘पिंग’ लिहून, मोकळी जागा सोडून तो पत्ता लिहावा आणि एक-दोन मिनिटे चालू द्यावे. ही आज्ञा त्या पत्त्याला छोटे संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजते. लिनक्समधील पिंग आपण कंट्रोल आणि सी ही कळ दाबेपर्यंत थांबत नाही, आणि थांबल्यावर खाली गोषवारा देते. घरातल्या घरात निरोगी वायफायवर प्रत्येक उत्तर साधारण २ ते ५ मिलिसेकंदांत यावे, मधूनच एखादे १०-२० ला गेले तरी चालेल. आकडे १००, ३००, पुन्हा ५, पुन्हा ४०० असे उड्या मारत असतील, किंवा गोषवाऱ्यात ‘पॅकेट लॉस’ (वाटेत हरवलेल्या पाकिटांचे, म्हणजे माहितीच्या तुकड्यांचे, प्रमाण) शून्यापेक्षा जास्त असेल, तर दोष वायफायच्या टप्प्यातच आहे हे सिद्ध झाले. इंटरनेटचा येथे संबंधच आलेला नाही, कारण आपण घराबाहेर पडलोच नाही. त्यानंतर हीच आज्ञा ८.८.८.८ या, घराबाहेरच्या गूगलच्या डीएनएसच्या, पत्त्यासाठी द्यावी. प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. उत्तर मुंबईहून येते असे धरले, तर जळगाव ते मुंबई हे सुमारे ४०० किलोमीटर अंतर जाऊन येण्यास त्याला ४-५ मिलिसेकंद पुरतात. मधल्या यंत्रांचा वेळ धरून २०-३० आले तर ते उत्तम समजावे.

आपल्या बाबतीत राउटरचीच उत्तरे उड्या मारतील, असा माझा अंदाज आहे. तो पक्का करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लॅनची तार. जुन्या एचपीला लॅनचे तोंड बहुधा असतेच. लॅपटॉप उचलून ओसरीत न्यावा, राउटरला तारेने जोडावा, वायफाय बंद करावे आणि स्पीड टेस्ट घ्यावी. ९० च्या आसपास आकडा आला तर लिनक्स, ब्राउझर, डीएनएस आणि इंटरनेट कंपनी हे सर्व एकदमच निर्दोष सुटतात. उरते ते केवळ वायफाय कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि मधली हवा. (१०० च्या लॅनवर ९४ च्या पुढे जाता येत नाही, तेव्हा तेवढ्यावर समाधान मानावे. आणि तारेवरही १० च्या खालीच आकडा आला तर आधी तार बदलावी. पिन नीट न बसलेल्या तारेवर जोडणी १० वर उतरते, ते ‘ईथटूल’ या आज्ञेत ‘स्पीड’ या ओळीत दिसते.)

आता कार्डाकडे वळू. कार्डाचे नाव आपण कळवलेले नाही, आणि पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. मिंटच्या मेन्यूत ‘सिस्टिम रिपोर्ट्स’ हे साधन आहे. त्यातील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘नेटवर्क’ या मथळ्याखाली कार्डाचे नाव आणि त्याचा ड्रायव्हर दिसतो. टर्मिनलमध्ये ‘इनक्सी -एन’ दिले तरी तेच मिळते. एचपीच्या त्या काळातील स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुतेक करून रिअलटेकचे ‘आरटीएल८७२३बीई’, ब्रॉडकॉमचे ‘बीसीएम४३१४२’ किंवा थोड्या नंतरच्या यंत्रात रिअलटेकचेच ‘आरटीएल८८२१सीई’ सापडते.

वायफायच्या लहरी बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत जातात. यांपैकी पहिली दोन कार्डे केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि एकाच अँटेनाने बोलतात. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका चॅनेलवर अशा कार्डाचा जोडणीवेग जास्तीत जास्त ७२ एमबीपीएस असतो आणि त्यातले प्रत्यक्ष हाती येतात ते निम्म्याच्या आसपास, कारण वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचे असते आणि उरलेला वेळ एकमेकांची वाट पाहण्यात, पोचपावत्या देण्यात जातो. म्हणजे सर्व काही सुरळीत असले तरी या लॅपटॉपला वायफायवर ३५-४० च मिळतील. मोबाइलचे ९० मिळणार नाहीत, कारण मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असणार. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असल्याने हा फरक डोळ्यांना दिसत नाही. ध्येय आधीच ठरवून घ्यावे: ४ चे ३५ करायचे आहेत. ९० हवेच असतील तर त्यासाठी खर्च आहे. त्याविषयी शेवटी लिहितो.

कार्ड दोन्ही पट्ट्यांचे असेल, तर मात्र ते कुठल्या पट्टीवर बसले आहे हे आधी पाहावे. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ ही आज्ञा कार्डाचे अंतर्गत नाव सांगते, उदाहरणार्थ ‘डब्ल्यूएलपी२एस०’. तेच नाव घालून, पुढे ‘लिंक’ जोडून ती आज्ञा पुन्हा दिली की चार मोलाचे आकडे मिळतात. ‘फ्रीक’ २४०० च्या घरातला असेल तर २.४ ची पट्टी, ५००० च्या पुढे असेल तर ५ ची. ‘सिग्नल’ हा उणे आकडा आहे: उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत चित्रफिती बिनघोर चालतात, उणे ७५ ला अडखळणे सुरू होते, उणे ८५ ला जोडणी नावापुरती उरते. उरलेले दोन आकडे म्हणजे पाठवण्याचे व घेण्याचे ‘बिटरेट’, म्हणजेच वर सांगितलेला जोडणीवेग. दुहेरी कार्ड २.४ वर अडकले असेल तर नेटवर्क जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय’ या भागात ‘बँड’ असा पर्याय आहे. तेथे ५ गिगाहर्ट्झ निवडावा. कार्ड सक्षम असूनही ५ ची पट्टी दिसतच नसेल, तर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ देऊन देश पाहावा. तेथे ‘००’ असेल तर कार्ड सावधपणे, जगात सर्वत्र चालेल एवढेच बोलते. भारतासाठी ‘आयएन’ हवे. भारतात ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ पासून घरगुती वायफायला परवान्याविना खुला आहे, त्यामुळे हा बदल नियमाला धरूनच आहे.

आता सिग्नल. आपल्या घराविषयी जे लिहिले आहे त्यावरून या आकड्याबद्दल मला विशेष शंका आहे. धाब्याच्या घराच्या दगड-मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. उन्हाळ्यात त्या घर गार ठेवतात आणि त्याच जाडीमुळे वायफाय अडवतात. ५ ची पट्टी तर त्यांच्यापुढे २.४ हून लवकर हात टेकते. त्यातच आपल्याकडच्या घरांत दोन वस्तू हमखास असतात, ज्यांचा विचार राउटर बसवणारा माणूस करत नाही. पहिली म्हणजे धान्याची पत्र्याची कोठी. मधल्या खोलीत ओळीने तीन-चार कोठ्या उभ्या असतील आणि राउटर त्यांच्या पलीकडे असेल, तर रेंज कोठ्यांच्या आडून, भिंतींवरून आदळत आतल्या खोलीत पोहोचते. दुसरी वस्तू कूलर. मार्च उजाडला की खान्देशात पत्र्याचा कूलर दारात किंवा खिडकीत बसतो तो मृगापर्यंत हलत नाही. पत्रा लहरी परतवतो, टाकीतले पाणी आणि ओल्या जाळ्या त्या शोषून घेतात. ‘हिवाळ्यात नेट चांगले होते, उन्हाळ्यात बिघडले’ या तक्रारीमागे कंपनी नसून कूलर असतो, असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. राउटर ओसरीतून मधल्या खोलीच्या दारावर, कोठ्यांच्या उंचीच्या वर आणणे हा या सबंध उत्तरातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. फायबरची तार तेवढी लांब नसेल तर ती ओढून-ताणून किंवा कोपऱ्यावर काटकोनात वाकवून आणू नये; केबलवाल्याला बोलावून वाढवून घ्यावी. बहुतेक घरगुती राउटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, आणि भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ ओलांडतो, हेही ध्यानात ठेवून तो पत्र्याच्या छपराखाली टांगू नये.

लॅपटॉप राउटरपासून पाच फुटांवर, मध्ये काही नाही, आणि तरीही ‘सिग्नल’ उणे ७५ किंवा त्याहून वाईट येत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. आपल्या लॅपटॉपमध्ये ‘आरटीएल८७२३बीई’ असल्यास मला याचीच शक्यता सर्वांत जास्त वाटते. या कार्डावर अँटेना जोडण्याच्या दोन जागा असतात, पण अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये कारखान्यात एकच अँटेना बसवलेली असते. कोणत्या जागी ती आहे याची नोंद कार्डाच्या स्मृतीत असायला हवी. काही यंत्रांत ती चुकीची असते. विंडोजचा ड्रायव्हर त्या यंत्रासाठी कंपनीनेच जुळवून दिलेला असल्याने तेथे हे जाणवत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर नोंदीवर विश्वास ठेवतो आणि जेथे अँटेनाच नाही त्या जागेवरून बोलत राहतो. ‘विंडोजमध्ये एवढा त्रास नव्हता’ हे आपले वाक्य याच्याशी तंतोतंत जुळते.

याची परीक्षा काहीही कायमचे न बदलता घेता येते. ‘सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई’ या आज्ञेने ड्रायव्हर उतरवावा. वायफाय जाईल, घाबरू नये. मग ‘सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’ अशी आज्ञा देऊन तो पुन्हा चढवावा. ‘अँट’ आणि ‘सेल’ यांच्यामध्ये अधोरेषा आहे, जागा नाही. जोडणी परत आली की ‘सिग्नल’ पाहावा. फरक पडला नाही तर उतरवून २ च्या जागी १ घालून पाहावे. योग्य आकडा लागला की सिग्नल उणे ८० वरून उणे ५० च्या आसपास एका झटक्यात येतो, आणि मग शंकेला जागा राहत नाही. ज्या आकड्याने फरक पडला तो कायम करण्यासाठी ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरात एक नवी फाइल करावी, तिचे नाव ‘.कॉन्फ’ने संपावे, आणि तिच्यात ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’ ही एकच ओळ लिहावी. एकदा पुन्हा सुरू केले की काम झाले.

सिग्नल चांगला आहे, तरीही पिंगचे आकडे उड्या मारतात, असे असेल तर संशय वीजबचतीवर घ्यावा. बॅटरी वाचावी म्हणून वायफाय कार्ड दोन संदेशांच्या मध्ये डुलकी घेते आणि राउटर त्याच्यासाठी आलेली पाकिटे धरून ठेवतो. चांगल्या कार्डात हे कळतही नाही. स्वस्त कार्डात जाग यायला उशीर होतो आणि त्यापायी सबंध जोडणी लंगडते. ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह’, पुढे कार्डाचे नाव, आणि मग ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’, एवढ्याने ती तात्पुरती बंद होते. पिंग चालू ठेवूनच ही आज्ञा दुसऱ्या टर्मिनलमध्ये द्यावी. लागू पडणार असेल तर आकडे डोळ्यांदेखत ३०० वरून ३ वर येतात. कायमचे करायचे असल्यास, उबंटू आणि त्यावर आधारलेल्या मिंटमध्ये ‘नेटवर्कमॅनेजर’ फोल्डराच्या ‘कॉन्फ.डी’ या उपफोल्डरात ‘डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘वायफाय.पॉवरसेव्ह = ३’ अशी ओळ आहे. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. ३ चे २ करावे. १ आणि ० यांचे अर्थ वेगळे आहेत, त्यामुळे ‘बंद म्हणजे शून्य’ असे समजून ० लिहू नये. ही चूक फार होते. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण जुना लॅपटॉप बहुधा चार्जर लावूनच चालतो.

‘आरटीएल८८२१सीई’ निघाले, तर त्याच्या ड्रायव्हरची, म्हणजे ‘आरटीडब्ल्यू८८’ची, स्वतःची अशी आणखी एक गाढ झोप आहे, आणि ती वरच्या सेटिंगने जात नाही. तेथे ‘ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_कोअर डिसेबल_एलपीएस_डीप=वाय’ आणि ‘ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=वाय’ या दोन ओळी लागतात. येथेही आधी पहिली, मग मोजणी, गरज उरली तरच दुसरी.

ब्रॉडकॉमचे कार्ड असेल तर मेन्यूतील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडावा. मुक्त स्रोतात नसलेला ड्रायव्हर तो स्वतःच सुचवतो. कार्ड यांपैकी कोणतेच नसले तर एक वेगळी परीक्षा सुचवतो: लिनक्सच्या एखाद्या ताज्या वितरणाचा (तयार आवृत्तीचा) पेन ड्राइव्ह करून, काहीही इन्स्टॉल न करता, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करावा आणि पिंग व स्पीड टेस्ट घ्यावी. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलसोबत, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासोबत, येतात. मिंट २२ ही जुलै २०२४ मध्ये आली ती ६.८ कर्नल घेऊन. पेन ड्राइव्हवरच्या नव्या कर्नलवर वेग चांगला आला, तर मिंटच्या ‘अपडेट मॅनेजर’मध्ये ‘लिनक्स कर्नल्स’ या पर्यायातून नवे कर्नल घेता येते. नको वाटले तर सुरू होताना जुने निवडण्याची सोय राहते. लॅपटॉपवर विंडोजही शेजारी ठेवले असेल, तर तेथील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि कार्ड कधी कधी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येते.

हवेतील आणखी दोन शत्रू थोडक्यात. ब्लूटूथही २.४ वरच चालते आणि या कार्डांमध्ये वायफायची तीच अँटेना वापरते; ब्लूटूथ हेडफोन काढून एकदा मोजावे. यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क किंवा तिची तार याच पट्टीत गोंगाट करते, म्हणून ती लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला, शक्य तितकी दूर लावावी.

आता आपल्या दुसऱ्या तक्रारीकडे: पान उघडण्यापूर्वीचे पाच-सात सेकंद. हे लक्षण डीएनएसचेच आहे, आणि सल्ला देणाऱ्यांची गफलत येथेच झाली असावी. पण मूळ कारण बहुधा पहिलेच आहे. नावाची चौकशी सहसा एकाच छोट्या पाकिटात जाते. ते हवेत हरवले तर हरवले असे समजायला वेळ लागतो, आणि लिनक्सच्या पारंपरिक नामशोधकाची वाट पाहण्याची मर्यादा ५ सेकंदांची आहे. १०० पैकी दहा पाकिटे गळणाऱ्या वायफायवर डीएनएस कोणाचाही घाला, ही थांबणूक अधूनमधून येणारच. म्हणून वायफाय सुधारल्यानंतरच हे पुन्हा तपासावे. तेव्हाही राहिले, तर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ने कोणता डीएनएस वापरात आहे ते पाहावे. राउटरच उत्तर द्यायला आळशी असेल तर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घालायला हरकत नाही. आयपीव्ही६ मात्र पुन्हा चालू करून ठेवावे. खरोखर संशय असेल तर ‘कर्ल -४’ आणि ‘कर्ल -६’ यांनी तेच पान दोनदा मागवून वेळ ताडून पाहावा. ६ ने फारच उशीर किंवा अपयश आले तरच दोष राउटरच्या किंवा कंपनीच्या आयपीव्ही६ मध्ये आहे, आणि तो त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावा.

स्पीड टेस्ट चांगली आणि यूट्यूब मात्र अडखळते, असे पुढे दिसले तर तो नेटचा दोष समजू नये. चित्रफितीवर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. ‘कनेक्शन स्पीड’ भरपूर असून ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ वाढत असतील, तर थकलेला आहे तो प्रोसेसर. चित्राचा दर्जा ७२० वर उतरवावा. ४ जीबी रॅममध्ये पंधरा टॅब उघडे ठेवले तरी असाच भास होतो. मिंटचे अपडेट तेवढे हळू उतरत असतील, तर ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये जवळचा आणि वेगवान मिरर (अपडेटच्या प्रती पुरवणारा सर्व्हर) निवडता येतो; यादी वेगानुसारच लागते.

संध्याकाळी घरात कोणी मोठी फाइल चढवू किंवा उतरवू लागले की सगळ्यांचेच नेट गचके खाते, हा प्रकार लॅपटॉपचा नाही. राउटरच्या आत पाकिटांची लांब रांग साचते आणि आपले छोटे पाकीट तिच्या शेपटीला उभे राहते. डाउनलोड चालू असताना ८.८.८.८ चे पिंग २० वरून ५०० वर गेले तर हेच घडते आहे. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडलेली ‘कोडेल’ ही रांग आवरण्याची पद्धत आणि तिचे पुढचे रूप ‘केक’ आज लिनक्समध्ये आहेत. पण रांग राउटरमध्ये साचत असल्याने त्यांचा उपयोग लॅपटॉपवर फारसा नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सची प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर आहे. म्हणून ‘सिसीटीएल’च्या (कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेच्या) डझनभर ओळी लॅपटॉपमध्ये घालण्याचा सल्ला मिळाला तर तो सोडून द्यावा.

वेगासाठी कंपनीला फोन करण्याची वेळ एकाच परिस्थितीत येते: तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे वेग पडला असेल तेव्हा. मे-जूनमध्ये केळी आडवी करणारी वादळे खांबांवरून लोंबणाऱ्या फायबरलाही सोडत नाहीत. राउटरच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ किंवा ‘ऑप्टिकल पॉवर’ हा आकडा सापडतो. तो उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली गेला असेल, तर प्रकाशच अपुरा पोहोचतो आहे. ‘नेट स्लो आहे’ असे न सांगता हा आकडा सांगितला, तर तंत्रज्ञ शिडी घेऊनच येतो.

राहिला खर्चाचा मार्ग. वरील सर्व करून ३५ मिळाले आणि तेवढ्याने शाळेचे काम भागत असेल, तर खर्च करू नये. भागत नसेल तर दोन पर्याय आहेत. आतले कार्ड बदलायचे असल्यास आधी दोन गोष्टी तपासाव्यात: कार्डाची खाच एम.२ प्रकारची आहे की जुन्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस प्रकारची, आणि एचपीच्या त्या मॉडेलचा बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली) परके कार्ड स्वीकारतो का. जुन्या एचपींपैकी बरीच यंत्रे ते नाकारतात. एम.२ असेल आणि बायोसची आडकाठी नसेल, तर इंटेलचे ‘एएक्स२००’ किंवा ‘एएक्स२१०’ लिनक्सवर उत्तम चालते. ‘एएक्स२०१’ आणि ‘एएक्स२११’ ही दिसायला तशीच पण केवळ इंटेलच्या ठराविक नव्या प्रोसेसरसोबत चालणारी कार्डे आहेत, ती चुकूनही घेऊ नयेत. शिवाय अँटेना एकच असेल तर नवे कार्डही एका पायावरच चालेल. म्हणून आपल्या लॅपटॉपसाठी मी यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचे वायफाय कार्ड, सुचवेन. जळगावच्या दुकानात डोंगल मागताना कंपनीचे नाव किंवा खोक्यावरचा मोठा आकडा पाहू नये, आतील चिप विचारावी. मीडियाटेकची ‘एमटी७६१२यू’ किंवा ‘एमटी७९२१एयू’ असेल तर मिंट २२ मध्ये ड्रायव्हर आधीपासून आहे, लावले की चालते. दुकानदाराला चिप सांगता आली नाही, किंवा त्याने खोक्यातील सीडी पुढे केली, तर ते डोंगल घेऊ नये. आणि दोन गोष्टी, म्हणजे कार्डाचे नाव आणि पाच फुटांवरचा ‘सिग्नल’, मला कळवाव्यात. त्या हाती आल्यावर यांतील निम्म्याहून अधिक शक्यता लगेच गळून पडतील.